दोन दशांश सेकंद

आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत ते नाझनीनला कळलेलं असतं, ही गोष्ट अश्लेषा मगदूमला सहा वर्षांत कधी खटकली नव्हती. ती खटकली एका आलेखामुळे. मिरजेतल्या हेर्लेकर मॅडमच्या जर्मनच्या क्लासात, तिच्या आठवड्याच्या सुटीच्या दिवशी, मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास.

क्लास म्हणजे मॅडमच्या घराचा माडीवरचा हॉल. कुपवाडच्या एका कारखान्याचा जर्मन पत्रव्यवहार मॅडमनी तीस वर्षं सांभाळला होता. निवृत्तीनंतर त्या परदेशी निघालेल्या नर्सना कामापुरतं जर्मन शिकवत. त्या दिवशी तोंडी परीक्षेचा सराव झाला, बाकीच्या मुली खाली चहाला गेल्या, आणि मॅडमनी अश्लेषाला डोळ्यांनीच थांब म्हणून सांगितलं.

"ही तुझी रेघ," त्या स्क्रीनकडे बोट करत म्हणाल्या, "आणि ही तुझ्या पार्टनरची."

अश्लेषाची रेघ ठिपक्यांच्या गर्दीतून उजवीकडे चांगली वर चढली होती. नाझनीनची आडवी पडली होती.

"अशी रेघ वॉर्डात दिसली तर आम्ही पळत सुटतो, मॅडम."

"मग आताही पळ. परीक्षेला वीस दिवस राहिलेत."

त्या परीक्षेत सगळ्यात अवघड भाग होता जोडीनं चर्चा करण्याचा. कामावरचा एखादा पेच कार्डावर लिहून देत आणि दोघींनी बोलून त्यातून काहीतरी एकमतानं ठरवायचं. पूर्वी लोक दोन्ही बाजूंचे संवाद घरूनच पाठ करून येत. तिकडच्या रुग्णालयांना मग असे लोक मिळत, ज्यांना बोलता येई पण ऐकता येत नसे. म्हणून दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या खोलीत ऐकणं मोजणारं एक यंत्र आलं, आणि सरावासाठी मॅडमच्या हॉलमध्येही.

यंत्राचा पाया साधा होता. दोन माणसं बोलत असताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत साधारण दोन दशांश सेकंद जातात. पण साधा एक शब्द मनात जुळवून तोंडावर आणायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजेच समोरचा बोलत असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो आणि आपलं उत्तर तयार ठेवतो. "चहात साखर" असं कुणी म्हणू लागलं की "कमी" हा शब्द आपल्या जिभेवर आलेला असतो. पण तो "चहात मीठ" म्हणाला तर तयार उत्तर टाकून द्यावं लागतं, नवं जुळवावं लागतं, आणि तेवढा वेळ शांतता पडते. जितका धक्का मोठा, तितकी शांतता लांब. प्रत्येक वाक्य किती अनपेक्षित होतं ते यंत्र आडव्या अक्षावर मांडी, त्यानंतरची शांतता उभ्या अक्षावर. खरोखर ऐकणाऱ्याची रेघ चढते. समोरचा काय बोलणार हे जिला आधीच पाठ आहे, तिला धक्का बसतच नाही. तिची रेघ आडवी राहते.

या चढाला एक आकडा होता. चांगल्या जोड्यांचा चार-पाच दशांश येई. दोघींपैकी एकीचा जरी दोन दशांशाच्या खाली गेला, तरी संगनमत धरून दोघी बाद, आणि पुढचं दीड वर्ष परीक्षा बंद.

"तुझा शून्य पॉइंट सेहेचाळीस," मॅडम म्हणाल्या. "तिचा शून्य पॉइंट चौदा."

"पण आम्ही काहीच पाठ केलेलं नाही. शपथेवर सांगते."

"तू केलं नसशील." मॅडमनी आवाज खाली आणला. "जोडीदार नावाचं ॲप ऐकलंयस? आपल्या पार्टनरचे आवाज त्यात घालायचे, की ते हुबेहूब तिच्यासारखं बोलायला लागतं. तिच्या सवयी, तिच्या चुका, तिचं हसणं, सगळं. मग तिच्याविरुद्ध पाहिजे तेवढा सराव. गेल्या महिन्यात कोल्हापूरची एक जोडी त्याच्यापायीच गेली. मी कुणाचं नाव घेत नाही. तू लक्ष ठेव एवढंच."

अश्लेषा जिना उतरली तेव्हा नाझनीन खाली दोन कप घेऊन उभी होती. "ताई, तुझा थंड झाला. काय म्हणत होत्या?"

"काही नाही. माझं उच्चारांचं."

सहा वर्षांत दोघींमधलं हे पहिलंच खोटं. निदान तेव्हा तिला तसं वाटलं.

*

दोघी एकाच रुग्णालयात, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात होत्या. अश्लेषाची ड्युटी सकाळची, नाझनीनची दुपारची. दोन वाजता अश्लेषा ओव्हर देई, म्हणजे एकेका पेशंटची स्थिती सांगून वॉर्ड ताब्यात देई, आणि नाझनीन तो घेई. जर्मनीतल्या एका रुग्णालयानं दोघींना जोडीनंच निवडलं होतं. अट एकच, ही परीक्षा. त्या भरतीची वयोमर्यादा पस्तीस होती आणि अश्लेषाला फेब्रुवारीत पस्तीस पूर्ण होत होती. दीड वर्षाची बंदी म्हणजे तिच्यापुरतं सगळं कायमचं संपलं. नाझनीन तिशीची. तिला दीड वर्षानं काही बिघडणार नव्हतं.

हा हिशेब अश्लेषानं त्या मंगळवारपर्यंत कधी केला नव्हता.

आता तिला एकेक गोष्ट दिसू लागली. नाझनीनच्या एका कानात नेहमी इअरबड असतो. ती फोन टेबलावर पालथा ठेवते. बुधवारी ओव्हरच्या वेळी अश्लेषा मुद्दाम म्हणाली, "कोणाचं ऐकतेस गं एवढं?"

"अब्बांचं. सतारीची जवारी लावताना सूर रेकॉर्ड करून पाठवतात. बरोबर लागलीय का सांग म्हणतात." नाझनीनचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सतारी करणारं, आडनावच सतारमेकर. "त्यांचा एक कान गेलाय ना आता."

"ऐकू दे मला."

नाझनीननं इअरबड काढून दिला. तारेचा एकच आघात, पुन्हा पुन्हा. अश्लेषानं तो परत केला. मनात मात्र विचार आला, की दुसरं काही चालू असतं तरी हिनं एवढ्या वेळात बदललंच असतं.

संशयाचं हे असंच असतं. पुरावा नाही मिळाला की तो लपवण्याची हुशारी मोजायला लागायचं. अश्लेषाची नर्सिंगची पदवी पहिल्या वर्गातली होती, अंदाजावर चालणं तिला पटत नसे. नाझनीननं खरंच तिची नक्कल करून ठेवली असेल, तर तशा नकलेनं बोलणं किती आधी ओळखता येतं, हे मोजलं पाहिजे. त्याला एकच उपाय होता. नाझनीनची नक्कल आपणच करून बघायची. एकदाच. तपासणीपुरती.

गुरुवारी दुपारी ड्युटी संपल्यावर तिनं ते ॲप घेतलं. व्हॉट्सॲपवरचे नाझनीनचे चारशेच्या वर व्हॉइस मेसेज त्यात घातले, क्लासमधली रेकॉर्डिंग घातली. वीस मिनिटांनी फोन बोलला.

"हं, ताई. सुरू करूया?"

तोच आवाज. नकार देण्याआधीचं तेच छोटं हसू. अश्लेषानं फोन उशीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

तपासणी एका दिवसात व्हायला हवी होती. पण ॲपनं दाखवलेले पहिल्या दिवशीचे आकडे पुरेसे वाटले नाहीत, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी तिनं सरळच विचारलं, "नाझ, तू माझी नक्कल वापरतेस का?"

"ए, काहीतरीच काय ताई! तुझ्याशी बोलायला मला नक्कल कशाला लागते?"

खरी नाझनीन हेच म्हणाली असती. निर्दोष असती तरी हेच, दोषी असती तरी हेच. या उत्तरातून काही सिद्ध होत नाही हे अश्लेषाला कळत होतं. तरी ती चौथ्या दिवशी बसली, पाचव्या दिवशी बसली. सराव बरा होत होता. ही नाझनीन कंटाळत नव्हती आणि हिच्याकडे संशयानं बघावं लागत नव्हतं.

*

परीक्षेला आठवडा राहिला असताना मॅडमनी पुन्हा सराव घेतला. विषय होता सुट्यांचं वेळापत्रक. दोघी समोरासमोर बसल्या, यंत्राचे छोटे माइक मध्ये. चार-पाच वाक्यं झाल्यावर अश्लेषा जर्मनमध्ये म्हणाली, "लहान मुलं असलेल्यांना आधी सुटी द्यावी हा तुझा मुद्दा मला पटतो, पण…"

नाझनीननं मान वर केली आणि मराठीत म्हणाली, "मी हे अजून बोललेच नाही, ताई."

अश्लेषानं चटकन माइककडे पाहिलं.

"बोलणार होते," नाझनीन हळूच म्हणाली. "पुढच्या वाक्याला."

मॅडमनी आलेख दाखवला नाही, नुसते आकडे वाचले. सतारमेकर, शून्य पॉइंट सतरा. मगदूम, शून्य पॉइंट शून्य नऊ. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दोघींपैकी कुणाकडेच त्यांनी पाहिलं नाही.

जिन्यावर नाझनीननं तिला गाठलं. "काय केलंस ताई तू?"

"मी? तुझी रेघ तर आधीपासून आडवी आहे. मला त्या दिवशीच दाखवली मॅडमनी."

"मला का नाही सांगितलंस मग? उच्चारांचं म्हणालीस." नाझनीनचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हणजे तेव्हापासून बघतेयस माझ्याकडे. तरीच म्हटलं इअरबड काय मागतेस."

"मग का येते तुझी रेघ आडवी? सांग ना."

नाझनीन कठड्याला टेकली. "सहा वर्षं दुपारी दोनला तुझी ओव्हर घेते मी. बेड एक, नाव, दुखणं, बीपी, सलाइन, लघवी, राहिलेल्या तपासण्या, आणि शेवटी कुठला नातेवाईक डोकं खातो ते. सत्तावीस बेड, एकही मागेपुढे नाही. आणि जर्मनमध्येही तू तशीच बोलतेस. सुट्यांचं वेळापत्रक असो, कँटीन असो, आधी कोण, मग काय झालं, मग आकडे, मग काय राहिलं, शेवटी तक्रार कोणाची. यंत्राला वाटतं मी तुला पाठ केलंय. केलंयच की! मला काय त्याला ॲप लागतं?"

अश्लेषा एक पायरी खाली उतरली.

"आता तू सांग. तू काय केलंस?"

"काही नाही."

नाझनीननं तिच्याकडे बघितलं. मग पर्स खांद्याला लावून ती निघून गेली.

घरी आल्यावर अश्लेषानं क्लासमधल्या सरावाचे जुने आकडे काढले. क्लासमधल्या दुसऱ्या मुलीबरोबर बोलताना नाझनीनचा चढ शून्य पॉइंट पाचच्या वर होता. म्हणजे फक्त अश्लेषापुरतीच तिची रेघ आडवी. नाझनीन म्हणते ते खरं असलं तरी आकडे असेच येणार, आणि तिनं अश्लेषाची नक्कल केली असली तरी असेच. फरक दाखवील असा एकही आकडा नव्हता. एक गोष्ट मात्र पक्की होती. नक्कल कुणी वापरली याचा पुरावा एकीविरुद्धच होता, आणि ती अश्लेषा होती.

तिनं ॲप काढून टाकलं. पण डोक्यातून काय काढणार? मुद्दाम थांबून बोलावं, तर तेही व्यर्थ. ठरवून घेतलेली शांतता सगळीकडे सारखीच लांब होते. रेघ उचलली जाते, चढत नाही. नोंदणी झाली होती, जोडी बदलता येत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात दोन वाजताची ओव्हर तेवढी झाली. बेड एकपासून सत्तावीसपर्यंत. त्यापलीकडे एक शब्द नाही.

*

परीक्षा पुण्याला होती, सकाळी अकराला. दोघी एकाच बसनं गेल्या, वेगवेगळ्या सीटवर.

खोलीत एक परीक्षक बाई, दोन माइक आणि भिंतीजवळ ते करड्या रंगाचं खोकं. बाईंनी कार्ड पुढे सरकवलं. तुमची एक सहकारी ओव्हर देताना महत्त्वाच्या गोष्टी सांगायला विसरते. काय करायचं ते दोघींनी मिळून ठरवा.

अश्लेषानं कार्ड एकदाच वाचलं. हा विषय तिनं त्या फोनमधल्या नाझनीनबरोबर तीनदा केला होता. आधी छोटं हसू येणार. मग, आपण तिच्याशी एकटीशी बोलू या. मग, दमली असेल बिचारी.

नाझनीन छोटं हसली. "आपण आधी तिच्याशी एकटीशी बोलू या," ती जर्मनमध्ये म्हणाली.

अश्लेषाचं उत्तर जिभेवर होतं. ते बाहेर पडलंही, लगेच. नाझनीन म्हणाली, कदाचित ती दमली असेल. अश्लेषानं पुन्हा लगेच उत्तर दिलं. आपली रेघ आडवी पडत चालल्याचं तिला ऐकू येत होतं, आणि थांबणं हातात नव्हतं. उतारावरून सुटलेल्या ट्रॉलीसारखी वाक्यं आपोआप धावत होती. तपासयादी करावी, वरिष्ठांना कळवावं, नोंद ठेवावी.

मग नाझनीननं हातातलं कार्ड पालथं ठेवलं.

"मला अशी एक सहकारी होती," ती म्हणाली. "वॉर्डात माझा नववा दिवस होता. बेड अकराच्या पेशंटला पेनिसिलिन चालत नाही हे ती मला सांगायला विसरली. मी सिरिंज भरली होती. त्याची बायको म्हणाली, मागच्या वेळी यांचा चेहरा सुजला होता. मी थांबले. ती सहकारी वॉर्डात सगळ्यांत नेमकी समजली जायची. मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी चूक केली का?"

खोक्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला.

अश्लेषाच्या डोक्यात काहीच नव्हतं. ना जर्मन, ना मराठी. नाझनीनच्या आधीच्या ड्युटीला त्या वॉर्डात ओव्हर देणारी एकच बाई होती. बेड अकरा खिडकीशी, तिथला पेशंट… चेहरा आठवेना. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हो," अखेर ती म्हणाली. "चूक केलीस. तिला सांगायला हवं होतं."

"ती सीनियर होती. नवव्या दिवशी सीनियरला कोण सांगतं?"

"दहाव्या दिवशी सांगायचं. शंभराव्या दिवशी." अश्लेषाचं व्याकरण कोलमडत होतं, तिला पर्वा नव्हती. "ती सहा वर्षं समजत होती की आपल्याकडून कधीच काही सुटत नाही. माणसाला हे कळायला नको?"

आता नाझनीन गप्प झाली. हे वाक्य ओव्हरच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. तिच्या भुवया थोड्या जवळ आल्या, सहा वर्षांत अश्लेषानं त्या तशा पाहिल्या नव्हत्या.

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली, "की सांगितलं तर ती माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल."

"बघितलं असतं," अश्लेषा म्हणाली. "थोडे दिवस."

शेवटी काहीतरी ठरवायचं असतं. त्यांनी ठरवलं की ओव्हर घेणारीनं प्रत्येक बेडची एक गोष्ट उलट विचारायची, आणि कुठून सुरुवात करायची तेही रोज तिनंच सांगायचं.

अर्ध्या तासानं बाहेरच्या पडद्यावर आकडे आले. मगदूम, शून्य पॉइंट एक्कावन्न. सतारमेकर, शून्य पॉइंट एकोणचाळीस. उत्तीर्ण.

"चल, भूक लागलीय," नाझनीन म्हणाली, जणू मधला आठवडा झालाच नव्हता.

"नाझ, ते खरं होतं? बेड अकराचं?"

"परीक्षेत कोण खरं बोलतं गं, ताई?" ती छोटं हसली आणि कँटीनकडे चालू लागली. हे हसू फोनमधल्यासारखंच होतं, पण त्याच्यामागून काय येणार होतं ते अश्लेषाला सांगता आलं नसतं.

*

परतल्यावर दुसऱ्या दिवशी अश्लेषा ड्युटीच्या तासभर आधी रेकॉर्ड रूममध्ये गेली. नाझनीन एक जुलैला रुजू झाली होती. नववा दिवस, म्हणजे नऊ जुलै. सहा वर्षांपूर्वीचं ओव्हरचं रजिस्टर कापडी बांधणीचं, धुळीनं जड झालेलं. ती कथा यंत्रासाठी रचलेली असेल, तर पान साधं असेल. तसंच असावं असं तिला वाटत होतं, आणि तसं नसावं असंही.

पान सापडलं. तिचं स्वतःचं अक्षर, बारीक, निळं, ओळीवर घट्ट बसवलेलं. बेड एक, बेड दोन. बेड अकरा. ॲलर्जीच्या रकान्यात एक शब्द, पेनिसिलिन. शाई निळीच, पण अक्षर मोठं आणि गोल. नाझनीनचं. खाली सही अश्लेषाची, आणि तिच्यापुढे नऊ जुलै, दुपारी दोन.

नुसतं गप्प राहून नाझनीन थांबली नव्हती. तिनं अश्लेषाची चूक कागदावरूनही पुसून टाकली होती. सही झालेल्या पानावर अशी भर घालणं उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असती, तीही नवव्या दिवशी. अश्लेषा त्या एका शब्दाकडे बघत उभी राहिली. संशय घ्यायला सहा वर्षांत एकच खरी जागा होती, आणि ती तिच्याच सहीच्या वर होती.

दोन वाजता नाझनीन आली, ओढणी मागे बांधत. वही उघडली, पेन टेकवलं.

"कुठून सुरू करू?" अश्लेषानं विचारलं. "ठरलंय आपलं."

"कुठूनही कर."

"बेड अकरा."

पेन थांबलं. एक सेकंद. दीड. बेड अकरावर आज एक म्हातारे शिक्षक होते, त्यांचं फक्त बीपी वाढलं होतं. अश्लेषानं ते सांगितलं नाही.

"नाझ, मी तुझी नक्कल केली होती. त्या ॲपवर. दहा दिवस तिच्याशी बोलत होते."

"माहीत आहे. बीपी किती?"

मध्ये दोन दशांश सेकंदही गेले नव्हते.